संघटना हवीच, पण चौकशी अडवणारी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिक्षक संघटनांमुळेच सरकारी शाळांचे वाटोळे झाले, त्यांच्यावर बंदीच घातली पाहिजे, असे बोलणे अलीकडे वारंवार कानावर येते. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी संप झाला तेव्हा ते ऐकले, आणि सेवेतील शिक्षकांनाही पात्रता परीक्षा बंधनकारक ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १ सप्टेंबर २०२५ रोजी आला, त्यानंतर संघटनांनी विरोध सुरू केल्यावर ते पुन्हा ऐकतो आहे. दुसरीकडे संघटनांची मंडळी अशा प्रत्येक टीकेला शिक्षकद्वेष म्हणून उडवून लावतात. मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत ३४ वर्षे नोकरी केली, २०१८ मध्ये मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, आणि मधली सहा वर्षे तालुक्यातील एका संघटनेचा चिटणीस होतो. संघटनेने काय दिले आणि काय बिघडवले, हे दोन्ही मी जवळून पाहिले आहे. बिघडवण्यात माझाही हात होता. म्हणून हे पत्र.

माझे वडीलही प्राथमिक शिक्षक होते. राज्यातील सरकारी व जिल्हा परिषद कर्मचारी आणि शिक्षक यांचा डिसेंबर १९७७ मध्ये सुरू झालेला संप ५४ दिवस चालला, तेव्हा मी १७ वर्षांचा होतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांप्रमाणे महागाई भत्ता मिळावा, ही मुख्य मागणी होती. दोन महिने घरात पगार आला नाही आणि वाण्याच्या वहीत आमच्या नावाचे पान भरून दुसरे सुरू झाले. वडील सकाळी तालुक्याच्या सभेला जात, संध्याकाळी परत येत, आणि कंदील लावून आमच्या ओसरीवर चौथीच्या शिष्यवृत्तीच्या मुलांना गणिते घालत. संपात असूनही शिकवता कसे, असे शेजाऱ्यांनी विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘‘भांडण सरकारशी आहे, या पोरांशी नाही.’’ त्या काळात त्यांना हे दोन्ही एकाच वेळी करण्यात काहीच विसंगती वाटत नव्हती, आणि गावालाही वाटत नव्हती.

शिक्षकाच्या पोटाचा आणि शाळेच्या दर्जाचा संबंध आपल्याकडे फार पूर्वीच ओळखला गेला आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी प्राथमिक शिक्षकांचे वेतन तुटपुंजे असल्याचे सांगून ते दरमहा किमान १२ रुपये असावे आणि मोठ्या गावांत १५ ते २० रुपये असावे, अशी मागणी केली होती. मोठ्या गावातील शिक्षकाला किती द्यावे, हेही त्यांनी वेगळे सांगितले, यावरून हा विषय त्यांना किती तपशिलाने महत्त्वाचा वाटत होता ते कळते. शिक्षकाने वेतनाबद्दल बोलणे म्हणजे पेशाला कमीपणा आणणे, असे ज्यांना वाटते त्यांनी हे निवेदन जरूर वाचावे.

खासगी शाळांतील परिस्थिती तर याहून बिकट होती. संस्थाचालकाची मर्जी फिरली की नोकरी गेली, पगाराच्या कागदावर एक रक्कम आणि हातात दुसरी, ही सर्रास पद्धत होती. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आणि त्याखालची १९८१ ची नियमावली यांनी या मनमानीला पहिल्यांदा लगाम घातला. बडतर्फीपूर्वी तीन जणांच्या समितीसमोर चौकशी झाली पाहिजे, त्या समितीत एक संस्थेचा प्रतिनिधी, एक कर्मचाऱ्याने सुचवलेला आणि तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला शिक्षक असला पाहिजे, आणि तरीही अन्याय झाला तर शाळा न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता आले पाहिजे, अशी ही रचना आहे. पण कायदा कपाटातल्या पुस्तकात असून भागत नाही. तो माहीत असलेला आणि आपल्यासोबत येऊन बसणारा माणूस लागतो.

अशी एक घटना मी जवळून पाहिली. शेजारच्या तालुक्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेतील शिक्षिका बाळंतपणाची रजा संपवून हजर झाल्या, तेव्हा त्यांना हजेरीपत्रकावर सही करू दिली नाही. आधीच टंकलिखित केलेला राजीनामा पुढे ठेवून ‘‘सही करा, अनुभवाचा दाखला चांगला देतो’’ असे सांगण्यात आले. त्या घाबरून सही करण्याच्या बेतात होत्या. माध्यमिक शिक्षकांच्या संघटनेचे एक निवृत्त कार्यकर्ते त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. राजीनामा द्यायचा झाला तरी तो शिक्षकाने स्वतः तारीख घालून, दोन प्रतींत, नोंदणीकृत टपालाने पाठवायचा असतो, हे त्यांनी समजावून सांगितले. आपण हजर व्हायला आलो होतो, असे पत्र दुसऱ्या दिवशी टपालाने पाठवायला लावले. आणि मुदतीत अपील दाखल करून घेतले. पुढची दोन वर्षे ते गृहस्थ प्रत्येक तारखेला एस. टी.ने त्यांच्याबरोबर जात होते. बाई मागील पगारासह कामावर परत आल्या. संघटना बंद करा म्हणणाऱ्यांनी अशा वेळी त्या बाईंनी कुणाकडे जायचे, याचे उत्तर दिले पाहिजे.

अशा मोठ्या लढायांखेरीज कुणाच्या नजरेत न भरणारी कामेही असतात. मेडिकल बिल दोन वर्षे पडून राहते, सेवापुस्तिकेत नोंद राहून जाते, १२ वर्षांनी मिळायची वरिष्ठ वेतनश्रेणी १५ वर्षे झाली तरी लागत नाही, निवृत्तीनंतर पेन्शनची फाईल कोणत्या टेबलावर आहे ते कळत नाही. दूरच्या वाडीवरचा शिक्षक शाळा बंद ठेवून पंचायत समितीत खेटे घालू शकत नाही; संघटनेचा माणूस त्याच्यासाठी जातो. आमच्या शिक्षकांच्या पतसंस्थेने कित्येकांना सावकाराच्या दारातून सोडवले आणि कित्येकांची घरे उभी केली.

आता दुसरी बाजू. ती सांगताना मला त्रास होतो, पण ती दडवून वरचे सगळे सांगण्याचा मला अधिकार उरत नाही.

मी चिटणीस असताना डोंगरातल्या एका वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेतील आमच्या एका सभासदाला कारणे दाखवा नोटीस आली. पहिली ते चौथीची ३१ मुले होती. हे शिक्षक आठवड्यातून दोन दिवस येतात आणि सहा दिवसांच्या सह्या करतात, असा आसपासच्या शाळांच्या केंद्रावर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांचा अहवाल होता. आम्ही बारा जण संघटनेच्या लेटरहेडवर निवेदन घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेलो. निवेदन मीच लिहिले होते. ‘सदर शिक्षकाची हेतुपुरस्सर बदनामी थांबवावी, अन्यथा संघटनेस आंदोलनात्मक पवित्रा घ्यावा लागेल’ हे त्यातले वाक्य मला आजही पाठ आहे. चौकशी झालीच नाही. तोंडी समज देऊन प्रकरण मिटले, आणि बाहेर आल्यावर आम्ही चहा पिऊन एकमेकांचे अभिनंदन केले.

२००४ च्या विधानसभा निवडणुकीत माझी ड्युटी नेमकी त्या वाडीवर लागली. मतदान केंद्र शाळेतच होते, त्यामुळे आदल्या रात्रीचा मुक्कामही तिथेच. शाळेला दोन खोल्या होत्या. एका खोलीतील फळ्यावर त्याच आठवड्याची तारीख, पाढे आणि मुलांनी काढलेली फुले होती. दुसऱ्या खोलीतील फळ्याच्या कोपऱ्यात जी तारीख होती ती जवळजवळ महिनाभर मागची होती, आणि त्याखालच्या सुविचाराची अर्धी अक्षरे पुसट झाली होती. रात्री एक बाई आमच्यासाठी भाकरी आणि पिठले घेऊन आल्या. त्यांचा मुलगा चौथीत होता. मी गुरुजी आहे हे कळल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘तुमी तरी सांगा त्यास्नी, आठवड्यातनं चार दिस तरी या म्हणावं. आमी बाकी काय मागत न्हाई.’’ मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. बहुधा काहीच दिले नसेल.

त्या शाळेत दुसऱ्या एक शिक्षिका होत्या. पहिल्या खोलीतला फळा त्यांचा होता. आठवड्यातले चार दिवस त्या एकट्या चारही वर्ग सांभाळत होत्या, पोषण आहाराचे तांदूळ मोजत होत्या आणि माहितीचे तक्ते भरत होत्या. त्यांच्याही वर्गणीची पावती आमच्याच संघटनेची होती. निवेदन घेऊन जाण्यापूर्वी त्यांना एका शब्दाने विचारावे, असे आमच्या बारा जणांतील कुणाच्याही मनात आले नाही. एका सभासदाला वाचवण्याच्या नादात आम्ही दुसऱ्या सभासदाच्या डोक्यावर त्याचे ओझे कायमचे ठेवून आलो होतो. कामचुकार शिक्षकाच्या पाठीशी संघटना उभी राहते तेव्हा तिचा पहिला अन्याय मुलांवर होतो हे सगळे बोलतात. तो शेजारच्या वर्गात प्रामाणिकपणे काम करणाऱ्या शिक्षकावरही होतो, हे कुणी बोलत नाही.

शिक्षकाला रीतसर चौकशीचा हक्क मिळवून देणे आणि चौकशीच होऊ न देणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट त्या माध्यमिक शाळेतील बाईंच्या बाबतीत झाली, दुसरी आम्ही केली. जिल्हा परिषदेच्या सेवकांसाठी १९६४ चे शिस्त व अपील नियम आहेत. त्यांत बाजू मांडायला पुरेशी जागा आहे. आमच्या सभासदावरचा आरोप खोटा असता तर चौकशीतून ते सिद्ध झाले असते. आम्हाला चौकशीची भीती वाटली, याचा अर्थ आरोप खरा आहे हे आम्हाला ठाऊक होते.

मग आम्ही तसे का वागलो? याचे उत्तर शिक्षकांच्या स्वभावात शोधण्याऐवजी संघटनांच्या गणितात शोधावे लागेल. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या तालुक्यात प्राथमिक शिक्षकांच्या दोन संघटना होत्या. निवृत्त झालो तेव्हा नऊ. एकीने नाही म्हटले की सभासद दुसऱ्या दिवशी दुसरीची पावती फाडतो. नोटीस आलेला शिक्षक एकटा नसतो, त्याचे सोयरे, बॅचचे मित्र, गावचे लोक असतात, आणि पतसंस्थेच्या किंवा शिक्षक बँकेच्या निवडणुकीत ती सगळी मते मोजली जातात. त्या निवडणुकांत आमच्या लोकांनी जी ताकद, जो पैसा आणि जे वैर ओतले, त्याच्या दशांशानेही कधी शाळेच्या प्रश्नात लक्ष घातले नाही. ‘हे चुकीचे आहे’ असे आपल्याच सभासदाला सांगण्याची ताकद एकसंध संघटनेत असते; नऊ तुकड्यांत ती उरत नाही. सरकारलाही हे तुकडे सोयीचे पडतात, कारण एकीला बोलावून दुसरीला डावलता येते.

विधान परिषदेतील शिक्षक मतदारसंघांचे तसेच झाले आहे. राज्यात असे सात मतदारसंघ आहेत. घटनेच्या १७१ व्या कलमानुसार तिथे मत देण्याचा अधिकार माध्यमिक शाळा किंवा त्यावरील संस्थांत किमान तीन वर्षे शिकवणाऱ्यांनाच आहे. गावोगावच्या प्राथमिक शिक्षकाला तिथे मतच नाही. तरीही या जागांवर पूर्वी चळवळीतून पुढे आलेली माणसे निवडून येत आणि सभागृहात शाळांचे प्रश्न नेटाने मांडत. आता तिथे पक्षांची यंत्रणा उतरते आणि मतदार शिक्षकांना साड्या व पाकिटे वाटल्याच्या तक्रारी वर्तमानपत्रांतून वाचाव्या लागतात. नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाबद्दल असे छापून यावे, याची मला मनस्वी लाज वाटते.

आत असलेल्यांसाठी भांडायचे आणि दाराबाहेर उभ्या असलेल्यांना विसरायचे, हा आमचा आणखी एक दोष. २००० साली शिक्षणसेवक योजना आली आणि प्राथमिकच्या नव्या शिक्षकाला पूर्ण वेतनाऐवजी तीन वर्षे दरमहा ३,००० रुपयांवर राबावे लागले. पुढे ते मानधन ६,००० झाले आणि २०२३ मध्ये १६,००० होईपर्यंत तिथेच अडकून राहिले. आमच्या निवेदनांत हा मुद्दा असायचा, पण तो सातवा किंवा आठवा. ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावरील, म्हणजे सरकारी अनुदान कधीच मागणार नाही या अटीवर परवानगी मिळालेल्या शाळांतील शिक्षकांचे तर विचारूच नका. त्यातला ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये गेला, पण अनुदानाचा टप्पा मिळता मिळता कित्येकांची उमेदीची वर्षे संपली. दिवसा विज्ञान शिकवून सुट्टीत दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाणारे पदवीधर शिक्षक मी पाहिले आहेत. ते आझाद मैदानात पावसात बसले, तेव्हा पूर्ण पगार घेणाऱ्या आम्हा लाखो शिक्षकांनी त्यांच्यासाठी एक दिवसाचा पगार द्यायचे ठरवले असते, तरी चित्र वेगळे दिसले असते.

बदल्यांबाबतही हेच. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या संगणकावर आणल्या, तेव्हा अनेक संघटनांनी मोर्चे काढले. त्या धोरणात त्रुटी होत्या, काही शिक्षिकांची फार गैरसोय झाली, हे खरे आहे. पण दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे अवघड क्षेत्रात अडकलेल्या शिक्षकांना पहिल्यांदाच कुणाच्या शिफारशीशिवाय खाली येता आले, हेही खरे आहे, आणि त्या शिक्षकांना त्या मोर्च्यांत आपण कुठेच दिसलो नाही. बदलीच्या हंगामात पुढाऱ्याच्या घरी लागणारी रांग बंद झाली याचे दुःख ज्यांना झाले, त्यांनी ते शिक्षकांचे दुःख म्हणून मांडायला नको होते.

पात्रता परीक्षेच्या प्रश्नावर मात्र मला संघटनांची निम्मी बाजू पटते. सेवेची पाचपेक्षा अधिक वर्षे उरलेल्या जुन्या शिक्षकांनी दोन वर्षांत परीक्षा उत्तीर्ण व्हावे, असे हा निकाल सांगतो. जे लोक त्या वेळच्या नियमांप्रमाणे रीतसर नेमले गेले, त्यांना २०-२५ वर्षांनंतर नोकरी जाण्याची भीती घालणे कठोर आहे, आणि त्याविरुद्ध कायद्याच्या मार्गाने दाद मागणे संघटनांचे कर्तव्यच आहे. पण दाद मागत असतानाच प्रत्येक केंद्रात अभ्यासगट का सुरू होऊ नये? पन्नाशीच्या शिक्षिकेला बालमानसशास्त्राचे पुस्तक पुन्हा उघडायला तरुण सहकाऱ्याने मदत करावी, यात कमीपणा कसला? सरकारच्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात आमच्याच जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये (म्हणजे तिथल्या शाळांच्या गटात) शिक्षकांनी वर्गाची जमीन आणि भिंती फळ्यासारख्या वापरून मुलांना शिकते केले, आणि ते पाहायला राज्यभरातून शिक्षक स्वखर्चाने गाड्या करून आले. शिकायची भूक आमच्या लोकांत आहे. संघटनांच्या अधिवेशनाला विशेष रजा घेऊन हजारो शिक्षक जमतात, तिथे मंत्र्यांच्या भाषणांमधून या भुकेसाठी एक तासही काढला जात नाही, हे मी सहा वेळा अनुभवले आहे.

शाळाबाह्य कामांविषयी संघटना जे म्हणतात ते तर शंभर टक्के खरे आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज शिक्षकाला बिगरशैक्षणिक कामाला लावता येत नाही, आणि मतदार याद्या व निवडणुकीचे कामही सुट्टीच्या किंवा शिकवण्याव्यतिरिक्तच्या दिवशी द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितले आहे. तरीही बी. एल. ओ. (मतदार यादीचे काम पाहणारा केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून शिक्षक भर शाळेच्या वेळेत दारोदार फिरतो. ‘आम्हाला शिकवू द्या’ ही मागणी पालकांनीसुद्धा उचलून धरावी अशी आहे. पण ज्या गावाने त्या दुसऱ्या खोलीतला फळा पाहिला आहे, ते गाव ही मागणी घेऊन आमच्याबरोबर रस्त्यावर कसे येईल?

माझ्या जुन्या संघटनेची तालुका सभा पुढच्या महिन्यात आहे. निवृत्त सभासदालाही तिथे ठराव मांडता येतो. मी पाठवलेला मसुदा असा आहे : ‘अनियमित हजेरी, मुलांशी गैरवर्तन किंवा पैशांचा अपहार याबद्दल एखाद्या सभासदावर कारवाई सुरू झाल्यास त्याला नियमानुसार आपली बाजू मांडता यावी यासाठी संघटना सर्व प्रकारची मदत करील, मात्र चौकशी थांबवावी अशी मागणी संघटना तोंडी किंवा लेखी करणार नाही, आणि कोणतेही निवेदन देण्यापूर्वी त्याच शाळेतील इतर सभासदांशी व शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांशी बोलल्याशिवाय राहणार नाही.’ तालुक्यातील इतर आठ संघटनांनाही मी तो टपालाने पाठवला आहे, कारण एकीनेच तो स्वीकारला तर तिचे सभासद उरलेल्या आठांत वाटले जातील. ठरावाला सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदक म्हणून त्या वाडीवरच्या शाळेत एकटीने चार वर्ग सांभाळणाऱ्या बाईंनी सही केली आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त मुख्याध्यापक, जि. सातारा